मुचानेताची नक्कल

फनुएल शिंप्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ते नसणं हाच त्याचा मान होता. गोरेरांच्या घराचा तो साहविरा, म्हणजे पिढीजात मित्र. त्याच्या आजोबांनी गोरेरांच्या आजोबांना खांदा दिला, बापाने बापाला दिला, आता पाळी त्याची. लग्नात वरमाईची टर उडवायची ती त्याने, भांडणात दोन्हीकडच्यांना शिव्या घालून एका ताटात जेवायला बसवायचं ते त्याने, आणि मयतात तर त्याच्यावाचून पान हलत नसे. मेलेल्याचा कोट अंगात घालून, तो कसा चालायचा, कसा खोकायचा, बायकोवर कसा खेकसायचा, ते साहविरा कबरीपाशी करून दाखवतो. लोक रडता रडता हसतात. तेव्हा तो जे बोलेल ते बोलेल, त्याचा राग धरायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मेलेला बाहेरख्याली होता हेसुद्धा तो सगळ्यांसमोर सांगतो, आणि विधवा डोळे पुसत 'खरं आहे' म्हणते.

फक्त एकदा फनुएलने जीभ गिळली होती. तोंदेराई गोरेरा गेला तेव्हा. तोंदेराई त्याचा जीवश्चकंठश्च मित्र. शेवटी हाडांचा सापळा उरला होता, तोंडात पांढरे चट्टे, आणि वर्षाच्या आत त्याची बायकोही तशीच गेली. कशाने, ते अख्ख्या कंबुझुमा वस्तीला ठाऊक होतं. फनुएलने कबरीवर तोंदेराईच्या दारू पिऊन सायकल चालवण्याची फर्मास नक्कल केली, आणि 'डोकं दुखून दुखून गेला बिचारा' म्हणाला. मागे राहिली चार वर्षांची मुचानेता. नाव बापानेच ठेवलेलं. 'तुम्हीच थकाल' असा त्याचा अर्थ, शेजारपाजारच्या कुचाळक्या करणाऱ्यांना उद्देशून. कुचाळक्या करणारे काही थकले नाहीत.

पोरीला आत्याने वाढवलं. एस्नाथ आत्या कडक बाई. घरात अळीमिळी गुपचिळी. मुचानेताला धाप लागते, तर तो दमा. दोनदा सहा-सहा महिने टीबीची औषधं झाली, थुंकीत टीबी एकदाही सापडला नाही. बाराव्या वर्षापासून रोज संध्याकाळी ज्या गोळ्या सुरू झाल्या त्याही 'दम्याच्याच'. आत्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दर जानेवारीत शाळा सुरू व्हायच्या आधी मुचानेता नवा गणवेश शिवायला फनुएलकडे यायची. सोळाव्या वर्षीही टेप अकरा वर्षांच्या मुलीच्या मापावर थांबला. उंची तीच, बाह्या त्याच. छाती मात्र पिंपासारखी पुढे आलेली, आणि बोटांची टोकं जाड, गोल. शिंप्याच्या नजरेला हे दिसलं नव्हतं असं नाही. पण साहविराची जीभ त्याच्या नजरेच्या पुढे धावते.

"हत्तीच्या कुळात उंदीर!" तो म्हणाला. गोरेरांचं कुळचिन्ह हत्ती. "अगं, मागच्या वर्षीचाच धुऊन घाल की. माझं कापड वाचेल."

"घातला असता," मुचानेता म्हणाली, आणि दम घ्यायला थांबली. "पण तुझी शिवण... सहा महिन्यांत... उसवते."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. फनुएलला ही पोर म्हणूनच आवडायची. वाक्य तुकड्यातुकड्याने यायचं, पण प्रत्येक तुकडा नेमका लागायचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आत्याच्या मुलीचं, व्हिम्बाईचं लग्न झालं. नवरीबरोबर पोरापोरींची रांग नाचत मांडवात येते, सगळ्यांचं एक पाऊल, एक गिरकी, महिनामहिना तालीम चालते. मुचानेताला त्या रांगेत नाचायचं होतं. आत्याने तिला फुलं उधळणाऱ्या सात-सात वर्षांच्या पोरींमध्ये उभं केलं. उंचीने शोभत होती, दुसरं काय. सोळा वर्षांची मुलगी गुलाबी झालरीच्या झग्यात, हातात पाकळ्यांची टोपली. ती दात ओठ खात चालली. मग मांडवाच्या मधोमध तिने टोपली एका चिमुरडीच्या हातात कोंबली आणि रांगेच्या शेवटी जाऊन नाचायला लागली.

सगळी पावलं तिला पाठ होती. अंगणातली तालीम तिने खिडकीतून रोज पाहिली होती. दोन गिरक्या तिने अशा घेतल्या की बायकांनी आरोळ्या ठोकल्या. तिसऱ्या गिरकीला ती गुडघ्यांवर हात टेकून थांबली, खांदे कानांपर्यंत वर जायला लागले.

साहविराला असा मोका मिळाल्यावर तो सोडतो होय? फनुएल धावत मधे आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड केलं. "आम्ही थकू म्हणालीस, आणि तूच थकलीस?" मांडव हसून लोळायला लागला. मुचानेतालाही हसू आलं, आणि हसायलाही श्वास लागतो. ती खाली पडली. फनुएलही तिच्या शेजारी तसाच हातपाय टाकून पडला. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. पडल्या पडल्या त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि तिचे ओठ शाईसारखे निळे झालेले त्याला दिसले. तो ओरडला, तर लोकांना वाटलं हाही खेळच. दोन वेळा ओरडावं लागलं.

मोठ्या हॉस्पिटलात त्यानेच तिला उचलून नेलं. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, छातीचे फोटो निघाले, चौथ्या दिवशी एका यंत्रात फुंकर मारायला लावली. यंत्राचा काटा जेमतेम हलला. डॉक्टरीण तरुण होती, पण खमकी. पलंगाशी आत्या आणि फनुएल दोघे उभे असताना ती आत्याला म्हणाली, "ही सोळा वर्षांची आहे. तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

आत्या फरशीकडे बघत राहिली. मग डॉक्टरणीनेच सांगितलं. एचआयव्ही जन्मापासून आहे. आईकडून आलेला. गोळ्या उशिरा सुरू झाल्या, तोवर फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना आतून वण पडून त्या आखडल्या. दमा नाही, टीबी नाही. गोळ्यांनी व्हायरस दबून आहे, आणि त्या अजिबात सोडायच्या नाहीत. पण पडलेले वण जात नाहीत.

मुचानेताने सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरीण गेल्यावर तिने आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहविरा, तुला माहीत होतं?"

फनुएलने आयुष्यात पहिल्यांदा विनोद शोधला आणि तो सापडला नाही. "होतं," तो म्हणाला.

"बाबाच्या कबरीवर... काय म्हणाला होतास?"

"डोकं दुखून गेला."

"मग माझ्या कबरीवर काय म्हणशील? पाय दुखून?"

"मुचानेता! अभद्र बोलू नये," आत्या म्हणाली.

"तू थांब, आत्या. तुझं बोलून... झालंय बारा वर्षं." मग तिने फनुएलची बाही धरली. "तिथे तुला कुणी अडवू शकत नाही. आत्या नाही, पास्टर नाही. नाव घेऊन सांगायचं, मला काय होतं. बाबाला काय होतं. आणि लहान पोर म्हणून... मला गुपचूप पुरू द्यायचं नाही. माझी नक्कल झाली पाहिजे."

"तुझ्या मातीला यायला मी कुठला जिवंत असतोय गं? मी पन्नाशीचा."

"वचन दे."

त्याने दिलं. पोरीची समजूत काढायला दिलं असं तो नंतर स्वतःला सांगायचा.

त्यानंतर ती दर शनिवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जायला लागली. तिथे तिच्यासारख्याच मुलामुलींचा गट बसायचा. परतताना ती दुकानात यायची, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर टवटवी असायची. "तिथे कुणी विचारत नाही... मी एवढीशी का म्हणून. सगळेच एवढेसे. चौथीची सहल वाटते. आणि एकाला चक्क मिशी आहे."

एका शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "कर बघू."

"काय?"

"माझी नक्कल. मला बघायला मिळणार नाही... तेव्हा आत्ताच कर."

तो नाही नाही म्हणत उठला, आणि लग्नात केलं होतं तेच केलं. गुडघ्यांवर हात, माशाचं तोंड.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "मी लोकांसमोर तोंड उघडं टाकून थांबत नाही. त्या दिवशी नाचले म्हणून तसं झालं. एरवी मी बुटाची नाडी बांधते."

"नाडी?"

"फाटकाशी एकदा. नळापाशी एकदा. शाळेच्या पायऱ्यांखाली दोनदा. नाडी सुटलेली नसते. वाकायचं, गाठ सोडायची, परत बांधायची. नाकाने श्वास घ्यायचा... आवाज न करता. आणि उठताना असं तोंड, की मला कसलीच घाई नाही."

फनुएल वाकला. नाडी सोडली, बांधली. नाकाने आवाज न करता श्वास घेऊन पाहिला, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. "अजून हळू," ती म्हणाली. "आणि आजूबाजूला बघ, कुणी बघतंय का." तो बघत राहिला, वाकत राहिला. गेली दहा वर्षं त्याने या पोरीला फाटकाशी नाडी बांधताना शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी 'उंदीरताई, बुटाने छळलं वाटतं' असं काहीतरी फेकून पुढे गेला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो वाकलेलाच राहिला.

"आता जमलं," मुचानेता म्हणाली.

आत्याला या वचनाचा विसर पडला नव्हता. मे महिन्यात ती दुकानात येऊन उभी राहिली. तोवर मुचानेताची शाळा कायमची सुटली होती, खोलीतून न्हाणीघरापर्यंत जायलासुद्धा तिला भिंतीचा आधार लागायचा.

"हे बघ मेल्या," आत्या म्हणाली, "व्हिम्बाईला दिवस गेलेत. मामेबहीण कशाने गेली ते सासरी कळलं, तर उद्या तिच्याकडे बोट दाखवतील."

"व्हिम्बाईचा काय संबंध? तिला काही झालेलं नाही."

"लोक डॉक्टरला विचारून बोलतात होय रे? झाकली मूठ सव्वा लाखाची." मग तिचा आवाज उतरला. "मी तिच्या गोळ्या मक्याच्या पिठाच्या डब्यात ठेवल्या, फनुएल. पाच वर्षं. एक संध्याकाळ चुकू दिली नाही. मयताच्या घरून भाकर-तुकडा न खाता सात वाजायच्या आत धावत घरी आलेय मी. ते कुणी कबरीवर सांगणार आहे का?"

ती खोटं बोलत नव्हती.

जून-जुलै म्हणजे आमच्याकडचा हिवाळा. थंडी पडली, वीज दिवसदिवस गायब, गल्लीभर लाकडांच्या चुली पेटल्या. धूर जमिनीलगत बसून राहायचा. मुचानेताला साधी सर्दी झाली आणि त्या सर्दीने आठ दिवसांत तिचा घास घेतला. फनुएल रोज हॉस्पिटलात गेला. शेवटचे दोन दिवस तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, ती फक्त त्याच्याकडे बघायची. तो 'आहे लक्षात, आहे' म्हणायचा. गुरुवारी सकाळी ती गेली.

शनिवारी माती होती. सकाळीच अंगणात गोरेरांच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की लहान पोर आहे, साहविराने नक्कल करू नये, प्रार्थना म्हणावी आणि आटपावं. फनुएल भडकला. "सतरा वर्षांची बाई आहे ती! तुमच्यापैकी निम्म्यांच्या आयांची या वयात लग्नं झाली होती. मला माझं काम शिकवू नका." साहविरापुढे कुणाचं चालत नाही. वचनाचा अर्धा भाग तर त्याने निभावला.

कबरस्तानात तांबडी माती उपसून ठेवलेली, बोचरा वारा. दोनशे माणूस. तिचा गणवेश त्याच्या अंगात जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने तिची शाळेची टोपी आपल्या मोठ्या डोक्यावर बसवली. तेवढ्यावरच बायका फिस्सकन हसल्या. मग तो चालायला लागला. दहा पावलं, आणि नाडी. सोडली, बांधली, इकडेतिकडे पाहिलं, मला काही घाई नाही असं तोंड करून उठला. लोक हसले, कारण सगळ्यांनी ते पाहिलं होतं. पुन्हा सात पावलं, नाडी. पुन्हा चार. आता त्याच्या मानेच्या शिरा सगळ्यांना दिसत होत्या. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. एका म्हातारीने तोंडावर हात घेतला, आणि मग सगळ्या बायांनी एकदम हंबरडा फोडला. उभ्या जन्मात त्याने इतकी खरी नक्कल केली नव्हती.

तो कबरीच्या कडेला येऊन उभा राहिला. "गोरेरांनो," तो म्हणाला, "या पोरीला काय झालं होतं, ते मी सांगतो."

समोर एस्नाथ आत्या, दोन्ही हातांनी शाल घट्ट धरून. तिच्या शेजारी पोट पुढे आलेली व्हिम्बाई, तिच्या शेजारी तिची सासू. त्यांच्याही पुढे, अगदी मातीच्या ढिगाला लागून, दहा-अकरा पोरं उभी होती. वेगवेगळ्या शाळांचे गणवेश, इस्त्री केलेले. सगळी एवढीशी. दोघं-तिघं दम घ्यायला खालीच बसली होती. एकाला मिशी होती. लोकांना वाटत असावं, प्राथमिक शाळेतली पोरं कुणीतरी आणली आहेत. फनुएलने शिंप्याच्या नजरेने त्यांची मापं घेतली: तीच छाती, तीच बोटं.

सगळी त्याच्याकडेच बघत होती.

त्याच्या मनात आलं, आता मी ते नाव घेतलं की ही दोनशे डोकी या पोरांकडे वळतील. यांचं घरही कुठेतरी असेल, घरात एक आत्या, तिचा पिठाचा डबा. ही आपली मैत्रिणीला निरोप द्यायला आली, आणि मी यांना भर कबरस्तानात उघडं पाडायचं? मुचानेता असती तर तिनेही हे मागितलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, हे कारण सापडलं याचं त्याला बरं वाटलं.

"दमा," तो म्हणाला. "हत्तीचा जीव, आणि छाती उंदराची. एवढ्याशा छातीत तो जीव मावला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. छान बोलला, कुणीतरी म्हणालं. आत्याने डोळे मिटले आणि तिची शाल सैल झाली. पास्टरने प्रार्थना म्हटली, माती लोटली गेली.

लोक बसकडे निघाले तेव्हा आत्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "देव तुझं भलं करो, साहविरा." सगळे गेल्यावर तो एकटाच कबरीपाशी थांबला, आणि मग पायीच निघाला.

वाटेत त्याला ती पोरं भेटली. फाटक अजून लांब होतं, आणि ती एका झाडाखाली थांबली होती. त्यातली एक मुलगी पुढे आली. डोकं त्याच्या कोपराला लागेल एवढी, आवाज मात्र बाईमाणसाचा.

"तुम्ही फनुएल ना? शिंपी?"

"हो. तू?"

"मेलडी. शनिवारच्या गटातली." तिने श्वास घेतला. "मुचानेताने सांगितलं होतं, तुम्ही सगळ्यांसमोर बोलणार म्हणून. ते ऐकायला... आलो होतो."

फनुएलने टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली. "बोलणारच होतो, पोरी. शपथ घेऊन सांगतो. पण तुम्हाला पाहिलं. मी नाव घेतलं असतं, तर सगळे वळून तुमच्याकडे बघायला लागले असते."

"म्हणून तर पुढे येऊन उभे राहिलो," मेलडी म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आम्ही दोन शनिवार... त्यावरच बोलत होतो," ती म्हणाली. "कुणी यायचं, कुणी नाही. ज्यांना नको होतं ते आले नाहीत. आम्ही अकरा जण तयार होतो. आम्हाला स्वतःहून बोलता येत नाही, धीर होत नाही. तुम्ही बोलला असतात, आणि लोकांनी बघितलं असतं... तर झालं असतं एकदाचं."

"चला परत," फनुएल म्हणाला. "आत्ता बोलतो. कबरीवर उभा राहून बोलतो."

"कुणाला?" मिशीवाला मुलगा म्हणाला. "तिथे आता फावडं धुणारे दोघे आहेत."

मेलडीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही. राग असता तर त्याला सोसला असता. "चला," ती इतरांना म्हणाली, "मिनीबस जाईल." पोरं उठली आणि चालायला लागली, वीस पावलं, मग थांबा, पुन्हा वीस. फनुएलला त्यांना केव्हाच मागे टाकता आलं असतं, पण ती थांबली की तोही मागे थांबत होता. फाटकापर्यंत पोचायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.